सहाणेवरचे दाणे

दौंडच्या रेल्वे कॉलनीत माझ्या हातची गुटी चाटली न्हाई असं एक पोर दाखवा, मी माझं नाव बदलते. जाईबाई म्हणत्यात मला. माहेर राहूचं, सासर निमोण्याचं. लेक भिमाजी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागला, तवापास्नं त्याच्या क्वार्टरवर ऱ्हाते. मायफळ, हळकुंड, मुरडशेंग, वेखंड, ज्याचे त्याचे ठरलेले वेढे सहाणेवर दुधात उगाळायचे आन् बोटानं चाटवायचे. कुणाची सून बाळंत झाली की तिसऱ्या दिवशी पोरगं माझ्या मांडीवर. कुणाकडनं कधी चहाचा कपसुद्धा घेतला न्हाई. पण तोरा होता, खोटं कशाला बोलू? हे आधी सांगते, कारण चूक कशातनं झाली ते कळाय पाहिजे.

माझी नात तेजश्री. नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात चार वर्षांची होती आन् वजन साडेनऊ किलो. खायला मात्र मोठ्या गड्याला मागं टाकील. भाकरी संपली की ताट चाटायची, ताट चाटून झालं की माझ्या ताटाकडं बघायची. आन् तासाभरात परसाकडं. आता लाजून कसं चालंल, आजारच पोटाचा हाय. तेलकट, चिकट, ढीगभर व्हायचं, पाणी ओतलं तरी तरंगायचं. वास असा की शेजारची म्हाळसाकाकू खिडकी धाडकन लावून घ्यायची. पोट टम्म आन् हातपाय काड्या. वर छातीत घरघर, खोकला.

शेवंता, माझी सून, माझ्या सख्ख्या भावाचीच लेक. ती एकदा म्हणाली, "आत्या, तेजूचा मुका घेतला की ओठाला मीठ लागतंय."

"उन्हाळ्यात घाम येणारच की. पोरगी काय साखरेची हाय व्हय?" मी म्हणलं.

मी माझे उपाय चालू ठेवले. तेल बंद, तूप बंद, शेंगदाणा बंद, अंडं तर नावच नको. पेज, ताकभात, डाळिंबाची साल उगाळून. हगवणीला पथ्य हेच, माझ्या आयनं मला शिकवलेलं. म्हाळसाकाकूनं कुठल्या देवर्षाचं नाव सुचवलं, तर मी तिला म्हणलं, आमच्यात ते बंद झालं, तुमच्याकडंच ठेवा. एवढी मी शहाणी.

शेवटी रेल्वेच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली आन् आम्ही सकाळच्या गाडीनं पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं बुशरा नावाची डॉक्टरीण. तिशीची पोरगी, आपल्या शिरूरचीच. बोलायला लागली की मधीच गावाकडची बोली निघायची, म्हणून मला बरी वाटली. तिनं तेजूच्या दंडाला कसलंसं औषध लावून घाम काढला, तो कागदावर टिपला आन् तपासायला धाडला. दोन दिवसांनी नाव कळलं. सिस्टिक फायब्रोसिस.

बुशरानं भिमाजीला आन् शेवंताला समोर बसवून समजावलं. अंगातले रस पातळ असाय पाहिजेत ते चिकट होत्यात. फुफ्फुसात कफ साठतो म्हणून खोकला. पोटात स्वादुपिंड असतं, त्याचा रस नळीतच अडकतो म्हणून तेल-तूप पचत न्हाई, खाल्लेलं तसंच बाहेर पडतं. पोरगी ताटावर बसून उपाशी मरतीय, असं ती सरळ म्हणाली. आजार जाणार न्हाई, पण जेवताना बाहेरनं तो रस दिला तर पोरगी अंग धरंल. त्यासाठी कॅप्सूल. पुढचं औषध कसं द्यायचं ते ती सांगत होती, तेवढ्यात तेजूला परसाकडला आली. मी तिला घेऊन धावले. परत येस्तोवर सगळं सांगून झालं होतं.

घरी आल्यावर कॅप्सूल उघडली. आत खसखशीवानी बारीक दाणे.

"जेवणाच्या आधी उघडून द्यायचं," शेवंता म्हणाली. "आत्या, बाई म्हणत होत्या की दाणे..."

"तू गप. चार वर्षांच्या पोरीला असले दाणे गिळता येत्यात व्हय? घशात अडकले म्हंजी?" मी सहाण पुढं ओढली. "पोराला औषध कसं द्यायचं ते तू मला शिकवणार? तू स्वतः माझ्या गुटीवर वाढलीस."

ती गप बसली. आत्याही मी आन् सासूही मी, बोलणार कुणाला बिचारी!

मग मी महिनाभर तेच केलं. दिवसातनं चार वेळा दाणे सहाणेवर टाकायचे, कोमट दूध घालून असे बारीक उगाळायचे की बोटाला कण लागू नये. तेजू चाटायची, वर पेज प्यायची. एक वेळ चुकवली न्हाई. मी तर म्हणते, त्या महिन्यात माझ्याइतकी काळजी कुणी घेतली नसंल.

महिन्यानं पुण्याला वजन केलं. नऊ किलो चारशे. शंभर ग्रॅम उतरलं.

बुशरानं काट्यावरनं तेजूला उतरवलं आन् परत चढवलं. काटा तिथंच. तिचं तोंड उतरलं. ती शेवंताकडं वळली आन् जरा कडक आवाजात म्हणाली, "औषध रोज देता? प्रत्येक जेवणाला? खरं सांगा. औषध पोटात गेलं असतं तर थोडा तरी फरक दिसायलाच हवा होता."

"देते," शेवंता म्हणाली. मान खाली.

"बघा, मला रागवायचं नाही. पण हिचं वजन असंच राहिलं तर छातीचा पहिलाच मोठा आजार हिला झेपणार नाही. मग मला हिला ॲडमिट करून जेवणासाठी नाकातून पोटात नळी घालावी लागेल. तुम्ही आई आहात, एखादी वेळ चुकते का?"

शेवंताच्या डोळ्यांतनं टपटप पाणी. सासूचं नाव घ्यायचं न्हाई म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेत होती. आन् माझ्या डोक्यात सणक गेली.

"ओ बाई, तिला कशाला बोलताय?" मी म्हणलं. "औषध द्यायचं काम माझं हाय. एक वेळ चुकली असंल तर हात तोडून देते. कसं देते ते बघा तरी!"

आन् मी पिशवीतनं सहाण काढली. व्हय, बरोबर नेली होती. गाडीत दुपारचा डोस कसा द्यायचा मग? टेबलावर ठेवली, कॅप्सूल उघडली, दाणे टाकले, बाटलीतलं दूध घातलं आन् दाखवलं उगाळून. झकास. मऊशार. मान वर करून बघितलं, मला वाटलं आता शाबासकी देईल.

बुशरानं कपाळाला हात लावला.

"आज्जी," ती हळू म्हणाली, "महिनाभर असंच दिलंत?"

"महिनाभर. चार वेळा."

तिनं दुसरी कॅप्सूल उघडून दाणे माझ्या तळहातावर ओतले. "ह्या एकेका दाण्यावर लेप आहे. जठरात सगळं आंबट. तिथं उघडं औषध टिकत नाही, म्हणून हा लेप दिलेला असतो. दाणा अख्खा राहिला तर जठर पार करून आतड्यात जातो, तिथं लेप विरघळतो आणि मग औषध कामाला लागतं. तुम्ही लेपच खरवडून टाकलात. आणि दुधात, गरम खाण्यात तो लेप आधीच सुटतो."

मला पहिल्यांदा कळलंच न्हाई. मग एकदम कळलं. माझा लेक दिवसभर जे काम करतो त्यातच होतं ते.

"म्हंजी पार्सल जायचं होतं पुण्याला," मी म्हणलं, "आन् मी ते दौंडातच फोडत होते."

"हो. तसंच."

मी शेवंताकडं बघितलं. ती तेजूच्या केसांतनं हात फिरवत होती. "तू सांगत होतीस," मी म्हणलं. ती हात फिरवतच राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तरी मी घेतल्या असत्या.

बुशरानं खायला काय देता ते विचारलं. मी पेजेचं सांगितलं. ती म्हणाली, "ते सगळं बंद. उद्यापासून तूप, लोणी, शेंगदाणे, अंडी, तळलेलं, जे मिळेल ते. मीठही जास्त, हिच्या घामातून मीठ जातं. मात्र त्यासोबत औषध पुरेसं."

"हगवण लागलेल्या लेकराला तूप?"

"आज्जी, हिला हगवण तुपानं लागत नाही. तूप पचवणारा रस नाही म्हणून लागते. तो रस तर कॅप्सूलमध्ये आहे." मग तिनं कागद पुढं ओढला. "एक विचारायचं राहिलं होतं. हा आजार घराण्यातनं येतो, आईकडनं आणि बापाकडनं, दोघांकडनं. तुमच्यात आत्या-मामाकडं लग्नं होतात. असं लहानपणीच गेलेलं एखादं लेकरू आहे का घरात?"

माझा हात सहाणेवर होता, तो तिथंच राहिला.

"भिमाजीच्या पाठचा," मी म्हणलं. "म्हाळू. निमोण्यात. तीन वर्षांचा पण झाला न्हाई. खायचा लई आन् अंगाला लागायचं न्हाई. आम्ही मुडदूस म्हणलो."

"कपाळ खारट लागायचं?"

"व्हय." तीस वर्षं मला ते आठवलं नव्हतं, आन् त्या दिवशी ओठावर आलं. "बाई, तो तूप मागायचा वो. शिंक्यावर मडकं टांगलेलं असायचं. खाली उभा राहून हात वर करायचा, 'आय, तूप'. मी दिलं न्हाई. पथ्य होतं ना. पेज देत गेले, देत गेले, आन् एक दिवस पेज पण प्यायला न्हाई."

शेवंतानं माझा दंड धरला. बुशरा खुर्चीवरनं उठून माझ्या शेजारी बाकड्यावर येऊन बसली.

"त्याला हेच होतं का, हे आता कुणी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "आणि असलं तरी, आज्जी, नुसत्या तुपानं तो वाचला नसता. तेव्हा हे औषध आपल्याकडं कुणाला ठाऊकच नव्हतं."

"पण मागत तर होता," मी म्हणलं.

तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "एक महिना देते. अर्धा किलो वाढवून आणा. नाही वाढलं तर नळी."

मी पदरानं तोंड पुसलं. "आणते," मी म्हणलं. सहाण टेबलावरच राहिली, मी मागं वळून बघितलं न्हाई.

बोलणं सोपं असतं. पहिल्याच दिवशी तेजूनं दाणे कराकरा चावले. बुशरानं बजावलं होतं, चावायचे न्हाईत, तोंडात राहिले तर तोंड येतं. आन् द्यायचे आंबटातनं, थंड, जॅममधनं म्हणाली होती. जॅम आमच्या पोरीला गोडमिट्ट लागायचा, ती चघळत बसायची. मग मी चिंच भिजवून गूळ घालून घट्ट कोळ केला. चिंचेहून आंबट काय असणार! बुशराला फोनवर विचारून घेतलं, आता मी विचारल्याशिवाय काडी हलवत नव्हते. ती हसली आन् म्हणाली, चालेल. चमचाभर थंड कोळ, त्यावर दाणे, आन् तेजूला सांगितलं, "तेजू, ही एक्सप्रेस हाय. दातावर थांबा न्हाई. डायरेक्ट पोट!"

रेल्वेची पोरगी ती, तिला लगीच पटलं. "थांबा न्हाई!" ओरडायची, आन् गटकन गिळायची. वर पाण्याची चूळ, तोंड उघडून दाखवायची. एखादा दाणा हिरडीला दिसला की मी म्हणायची, "हा बघ एक पॅसेंजर उतरला." परत पाणी.

मग जेवण. आन् जेवण म्हंजी जेवण. भाकरीवर लोण्याचा गोळा, अंड्याची पोळी, शेंगदाण्याची चटणी तेलात कालवून, खारे शेंगदाणे खिशात. शेवंता आधी सकाळ-संध्याकाळ पाठ थोपटून छातीतला कफ सुटा करायची, मग माझी पाळी. आम्ही दोघी कामाला लागलो होतो, बोलायला फुरसत नव्हती. पण एक दिवस ती नुसतं म्हणाली, "आत्या, तुमचा कोळ चांगला जमलाय," आन् मला कळलं की हिनं मला पदरात घेतलं.

म्हाळसाकाकू दारात उभी राहून म्हणाली, "जाईबाई, हगवणीच्या पोरीला तूप चारताय? नातीचा जीव घ्यायचा ठरवलाय का काय?"

"तुमची खिडकी लावून घ्या," मी म्हणलं, "आन् महिन्यानं उघडा."

बाया पोरं घेऊन यायच्या गुटीला. मी सांगायची, सहाण न्हाई. का न्हाई ते पण सांगायची, लपवलं न्हाई. काहींना पटलं, काही तोंड वाकडं करून गेल्या.

आठव्या दिवशी तेजू रात्रीचं जेवून पोट धरून बसली. कळा यायला लागल्या. परत तोच तेलकट ढीग. माझा हात आपोआप तुपाच्या डब्याकडं गेला, झाकण लावायला. खरं सांगते, तीस वर्षांची सवय हाताला असती, ती डोक्याचं ऐकत न्हाई. मी झाकण लावलं. तांदूळ काढले पेजेला. आन् तिथंच मला शिंक्याखाली उभा राहिलेला म्हाळू दिसला.

तांदूळ परत डब्यात टाकले. चपला घालून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले, बुशराच्या घरचा नंबर लावला. तिनं विचारलं, काय खाल्लं? मी सांगितलं, दोन अंडी, भजी, तूपभात.

"आणि कॅप्सूल?"

"नेहमीच्याच दोन."

"मग आज्जी, पार्सल मोठं आणि हमाल कमी पडले. मोठ्या जेवणाला एक वाढवा, तीन करा. त्याच्या पुढं मला विचारल्याशिवाय जायचं नाही. पाणी जास्त पाजा. तूप बंद करू नका. उद्या दुपारपर्यंत कळा थांबल्या नाहीत, पोट फुगलं, उलटी झाली तर सरळ घेऊन या."

दुपारपर्यंत कळा थांबल्या. मी झाकण उघडलं.

दर रविवारी भिमाजी तेजूला पार्सल ऑफिसात न्यायचा. तिथला मोठा वजनकाटा, त्याच्यावर पेट्या, बोचकी, भाजीच्या पाट्या चढायच्या, त्याच्यावर ही बसायची मांडी घालून. तो काटा कसला ग्रॅमचा हिशोब दाखवतोय! भिमाजी घरी येऊन म्हणायचा, "आय, साडेनऊच्या आसपास." दुसऱ्या रविवारी पण आसपास. मी त्याच्यावर खेकसले, "तुझ्या काट्याला गंज चढला असंल!" तो बिचारा हसला. पण त्याच आठवड्यात एके सकाळी शेवंता संडासातनं तेजूला घेऊन आली आन् दारातच थांबली. "आत्या, वास न्हाई," ती म्हणाली. आम्ही दोघी जाऊन बघून आलो. घट्ट होतं, तळाला बसलं होतं. आता ह्या गोष्टीचा कुणी आनंद करतं का? आम्ही केला. शेवंतानं चहात जास्तीची साखर घातली.

महिना भरला. पुण्याला निघताना मी तेजूला फ्रॉक घातला तर पाठीमागचं बटण जरा ताणून लागलं. मी शेवंताला काय बोलले न्हाई. आधीच बोललं की दृष्ट लागती असं आमच्या घरात कुणी मानत न्हाई, पण तरी न्हाई बोलले.

दवाखान्यात बुशरानं तेजूला काट्यावर उभं केलं. काट्याकडं बघवंना म्हणून मी टेबलाकडं बघितलं, तर माझी सहाण तिथं कागदांवर ठेवलेली, पंख्यानं उडू नयेत म्हणून.

"दहा किलो शंभर," बुशरा म्हणाली. मग परत, जरा मोठ्यानं, "दहा किलो शंभर! आज्जी, सातशे ग्रॅम!"

"परत चढवा," मी म्हणलं. "मागल्या वेळी दोनदा चढवलं होतं."

परत चढवलं. दहा किलो शंभर. शेवंता खाली बसली आन् तेजूच्या पोटाला तोंड लावून रडायला लागली. तेजूला गुदगुल्या झाल्या, ती हसायला लागली.

बुशरानं पुढचं सगळं नीट सांगितलं. हे जन्मभराचं हाय. छातीचं दुखणं येणार, ॲडमिट करावं लागणार, औषध एक जेवण पण चुकवायचं न्हाई. पण आज नळी नको. निघताना तिनं सहाण उचलून माझ्या हातात द्यायला पुढं केली. "आज्जी, ही तुमची."

"असू द्या इथंच," मी म्हणलं. "पुढची बाई लेकरू घेऊन आली की तिला नुसतं तोंडी सांगू नका. ही दाखवा. म्हणावं, दौंडची एक शहाणी म्हातारी असं करत होती. आन् आज्जी बाहेर गेली असंल तर तिला आत बोलवा, मगच सांगा."

संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. शेवंतानं गरम भात टाकला, डाळीला फोडणी दिली. मी थंड कोळ काढला, कॅप्सूल उघडून दाणे त्यावर सोडले, अख्खे, एक पण न मोडता. "थांबा न्हाई!" तेजू ओरडली आन् गिळून तोंड उघडून दाखवलं. मग ताटावर बसली.

"आज्जी, तूप."

मी चमचाभर घातलं. तिनं भात कालवला, दोन घास खाल्ले आन् हात पुढं केला.

"आज्जी, आणखी."

तोच हात. तसाच तळवा वर करून. मी आणखी घातलं. आन् मग मला आवरलंच न्हाई, मी घालतच गेले, आन् डोळ्यांतनं पाणी वाहत गेलं, ते मी लपवलं न्हाई.

"आत्या, अवो पुरे," शेवंता म्हणाली. "एवढ्या तुपाला दोन कॅप्सूल पुरायच्या न्हाईत."

"मग तिसरी उघड," मी म्हणलं.